न वाचता आलेल्याला आधी बोलू द्या

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कॉलेजपासूनच्या तुम्ही सहा जणी, पुस्तकांचा गट दोनदा सुरू केलात, एकदा चार महिने चालला एकदा सहा, दोन्ही वेळा भांडण नाही तंटा नाही, नुसतं "या महिन्यात राहू दे गं" करत करत बंद पडला. आता तिसऱ्यांदा सुरू करायच्या आधी विचारताय की पुस्तकं कशी निवडायची, किती जण असावेत आणि न वाचता येणाऱ्यांचं काय करायचं. आमचा गट सांगलीत जून २००४ पासून चालू आहे, सुरुवातीला आठ जण होतो आता सात आहोत, त्यातले चार पहिल्या दिवसापासूनचे. वहीत एकशे नव्वदच्या आसपास पुस्तकांच्या नोंदी आहेत. त्यामुळे सांगण्यासारखं बरंच आहे, चहा घेऊन बसा.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण माझ्या मते तुमचे आधीचे दोन्ही गट तिथंच गेले. "या महिन्यात राहू दे" हे कोण म्हणालं ते आठवून बघा. मी पैजेवर सांगते, जिचं पुस्तक वाचून झालेलं नव्हतं तीच म्हणाली असणार. आमच्याकडे २००६ च्या पावसाळ्यात अगदी हेच झालं. आठातले तीनच जण यायला लागले, मग एकदा तर मी आणि माझी बँकेतली मैत्रीण दोघीच भडंग खात बसलो. मला वाटलं लोकांना कंटाळा आला, आता हे थांबवावं. पण थांबवायच्या आधी एकेकाला फोन केला. एकीची सासू दीड महिना दवाखान्यात होती. एकानं चाळीस पानं वाचली होती आणि पुढं काही कळेना म्हणून ठेवून दिलं होतं. एक जण म्हणाला तुम्ही सगळे फार चांगलं बोलता, मला तसं येत नाही. कंटाळा एकालाही आलेला नव्हता! सगळ्यांचं वाक्य एकच होतं, "न वाचता कसं येऊ?" शाळेत गृहपाठ न करता गेल्यावर जे वाटायचं ना ते पन्नाशीच्या माणसालाही तसंच वाटतं, आणि एकदा न येण्याचं कारण मिळालं की पुढच्या महिन्यात आणखी अवघड होतं, कारण आता दोन पुस्तकं राहिलेली असतात.

मग आम्ही एक नियम केला आणि आजपर्यंत तो एकदाही मोडलेला नाही. ज्याचं वाचून झालेलं नाही तो सगळ्यात आधी बोलणार. माफी मागायची नाही, कारणं सांगायची नाहीत. जिथं थांबलो ते पान उघडायचं, तिथला एक परिच्छेद मोठ्यानं वाचायचा आणि इथं का थांबलो एवढं सांगायचं. बास.

ऐकायला साधं वाटतं पण यानं काय होतं ते एका पुस्तकावरून सांगते. उद्धव शेळक्यांची 'धग', १९६० ची कादंबरी, निवडली होती आमच्यातल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी. अमरावतीकडची कथा, शिंप्याच्या घरातल्या कौतिकची, आणि सगळे संवाद वऱ्हाडी. आम्ही पडलो कृष्णाकाठचे, आमच्या कानाला ती बोली नवीन. सातातल्या तिघांनी वीस-पंचवीस पानांत सोडून दिली. नियमाप्रमाणे तिघं आधी बोलले, तिघंही थांबले होते कौतिक बोलते तिथंच, आणि तिघांनी वाचून दाखवताना ते वऱ्हाडी आपल्या सांगली हेलात वाचलं. त्या दिवशी बैठक ज्यांच्या घरी होती त्यांच्या सूनबाई मूळच्या अमरावतीच्या, आमच्या गटात नव्हत्या, चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या आणि म्हणाल्या "असं नाही हो बाबा, द्या इकडं." आणि उभ्या उभ्या दोन पानं वाचली. मी तुम्हाला कसं सांगू, तीच वाक्यं, पण कौतिक खोलीत येऊन उभी राहिली. त्यांच्या आजीच्या बोलण्यातला कुठला शब्द कुठं येतो ते सांगत त्यांनी अर्धा तास वाचलं. ज्यांनी पुस्तक पूर्ण केलं होतं ते म्हणाले आम्ही तर हे ऐकलंच नव्हतं, आम्ही नुसतं अर्थ लावत वाचलं. पुढच्या महिन्यात तिघांनीही पुस्तक पूर्ण केलं आणि सूनबाई गटात आल्या. ज्यांनी सोडलं ते आधी बोलले म्हणून हे झालं, वाचलेले आधी बोलले असते तर ते तिघं मान डोलवत गप्प बसले असते आणि आम्ही कौतिकच्या दुःखावर चार वाक्यं बोलून उठलो असतो.

थोडक्यात माझं मत असं की मित्रमंडळींचा गट मरतो तो संकोचानं. पुस्तकं चुकीची निवडली म्हणून बंद पडलेला गट मी तरी पाहिलेला नाही. त्यामुळं खाली जे जे लिहिणार आहे ते सगळं कुठला संकोच कुठं लपलाय हे शोधून काढण्याबद्दलच आहे असं समजा.

पुस्तक निवडणं. मतदान करू नका, व्हॉट्सॲपवर पोल तर अजिबात नको. पोलमध्ये काय होतं, चार नावं येतात, ज्याचं सगळ्यांनी ऐकलेलं असतं ते जिंकतं, ज्याची दोनदा हरतात तो तिसऱ्यांदा नाव सुचवत नाही. आमच्याकडे पाळी असते, भिशीसारखी. ज्याची पाळी त्यानं सांगायचं, बाकीच्यांनी वाचायचं, नको म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. मला विज्ञानकथा आवडत नव्हत्या पण पाळीमुळं वाचल्या, आणि आमच्या डॉक्टरांना आत्मचरित्रांचा तिटकारा होता त्यांनी एका वर्षात पाच वाचली. फक्त दोन अटी. निवडणाऱ्यानं स्वतः किमान पन्नास पानं वाचलेली असावीत, नुसत्या परीक्षणावरून निवडायचं नाही. आणि प्रती मिळतायत का ते त्यानंच बघायचं.

ही दुसरी अट मराठी वाचणाऱ्यांसाठी फार महत्त्वाची आहे. आपल्याकडे आवृत्ती हजारभर प्रतींची निघते, ती संपली की पुढची कधी येईल ते सांगता येत नाही, त्यामुळं गाजलेलं पुस्तकसुद्धा ऐन वेळी कुठंच नसतं. आधी वाचनालयात विचारा. तुमच्या गावात 'अ' वर्गाचं वाचनालय असेल तर (सरकारमान्य सार्वजनिक वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात) जुन्या आवृत्त्या तिथल्या मागच्या कपाटात हमखास सापडतात, ग्रंथपालांना आमचा गट आहे म्हणून एकदा भेटून सांगा, ते स्वतःहून बाजूला काढून ठेवतात असा माझा अनुभव. मग बुकगंगाचं ऑनलाइन दुकान, मग पुण्याला कुणी जाणार असेल तर पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक. दोनच प्रती मिळाल्या तर ते पुस्तक लगेचच्या महिन्याला घेऊ नका, तीन महिने पुढं टाका आणि प्रती फिरवा.

पैशाचं बोलायला लोक लाजतात म्हणून ते आधीच बोलून टाका. पहिली तीन वर्षं आम्ही ज्यानं त्यानं विकत घ्यायचं असं ठेवलं होतं, आणि आमच्यातल्या एकीची वर्षभर हजेरी कमी होती त्याचं कारण मला फार उशिरा कळलं, मुलाची इंजिनिअरिंगची फी चालू होती आणि दर महिन्याला पुस्तक घेणं जमत नव्हतं, आणि मागायचं कुणाकडं म्हणून ती येतच नव्हती. तेव्हापासून पुस्तक भिशी लावली. प्रत्येकी दोनशे रुपये, सात जणांचे चौदाशे. साडेतीनशेचं पुस्तक वीस टक्के सवलतीत दोनशे ऐंशीला पडतं, म्हणजे पाच प्रती. दोन वाचनालयातून आणल्या की सातही हातात पुस्तक. बैठक झाली की पाळीवाल्याकडं एक प्रत राहते, बाकीच्या चार एका शाळेला जातात, शाळा दर वर्षी बदलते. कुणाचे दोनशे राहिले तर वहीत लिहिलं जात नाही. ते खजिनदाराला माहीत असतं आणि खजिनदार बोलत नाही, एवढंच.

पुस्तकाची जाडी. महिन्याला अडीचशे पानांच्या वर जाऊ नका, नोकरी संसार असलेल्या माणसाला रोज आठ-नऊ पानं झेपतात, त्यापुढं ती गृहपाठ होतात. जाड पुस्तक घ्यायचं तर तुकडे करा. इरावतीबाईंचं 'युगान्त' आम्ही असंच वाचलं, एका बैठकीला दोन लेख, गांधारी आणि कुंती एका महिन्यात, द्रौपदी पुढच्या. जगात याहून सावकाश वाचणारे लोक आहेत, कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस शहराचा व्हेनिस म्हणून एक भाग आहे तिथल्या एका गटानं जेम्स जॉईसचं 'फिनेगन्स वेक' हे महाकठीण पुस्तक १९९५ ला सुरू केलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये संपवलं, अठ्ठावीस वर्षं, महिन्याला एक-दोन पानं, आणि संपल्यावर परत पहिल्या पानापासून सुरू केलं. मला ही गोष्ट फार आवडते. तिथं कुणी "माझं वाचून झालं नाही" म्हणूच शकत नाही, कारण वाचणंच मुळी एकत्र बसून होतं.

दिवाळीच्या महिन्यात पुस्तक नाही, दिवाळी अंक. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याला ही सवय आहे, तिचा फायदा घ्या की. प्रत्येकानं वेगळा अंक घ्यायचा, एकानं एकच कथा किंवा लेख निवडून इतरांना वाचायला लावायचा, आणि अंक फिरवायचे ते थेट संक्रांतीपर्यंत. घरात फराळ पाहुणे सगळं चालू असतं, त्यात तीनशे पानी कादंबरी कुणी वाचत नाही, आणि आमच्या वहीत पहिल्या दोन वर्षांत नोव्हेंबरची बैठक दोन्ही वेळा रद्द झालेली आहे. अंकांवर आल्यापासून एकदाही नाही.

किती जण हवेत? सहा ते आठ. तुम्ही सहा आहात, छान आहे, पण दोघी नाही आल्या की चारच उरतात आणि चौघींत पुस्तक लगेच बाजूला पडून मुलांच्या परीक्षा सुरू होतात, म्हणून आणखी एक-दोघींना घ्या आणि शक्यतो तुमच्या कॉलेजबाहेरच्या घ्या. जुन्या मैत्रिणींना एकमेकींची मतं आधीच माहीत असतात. नवरा-बायको जोडीनं घ्यायचे का यावर आमच्यात दोन तट आहेत. माझं मत घेऊ नये असं आहे. जोडी आली की दोघांतलं एक जण गप्प होतं, आणि सुनीताबाई देशपांड्यांनी आपल्या संसाराबद्दल लिहिलेल्या 'आहे मनोहर तरी'सारखं पुस्तक असेल तर दोघंही. एक जोडपं आमच्याकडे होतं, बाई पुस्तकावर इतकं नेमकं बोलायच्या, पण नवरा शेजारी असला की प्रत्येक वाक्याआधी त्यांच्याकडं बघायच्या. पुढं नवऱ्याची बदली झाली आणि त्या एकट्या यायला लागल्या, तेव्हा आम्हाला कळलं आपल्या गटात कोण होतं ते.

वार ठरलेला हवा, "सगळ्यांना जमेल तेव्हा" नको. आधी आम्ही रविवारी संध्याकाळी भेटायचो, पण रविवारी लग्नं, वास्तुशांती, पाहुणे. सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी झाली, आमच्यात दोघी बँकेतल्या आणि सरकारी नोकरीवाल्यांना ते शनिवार आधीपासून मोकळे, तेव्हापासून दुसरा शनिवार दुपारी चार. दोघंच येणार असले तरी बैठक होते. रद्द करायची नाही, पुढंही ढकलायची नाही, कारण ढकललेली बैठक कधीच होत नाही.

आता जागा आणि खाणं, यावर मला जास्त बोलायचंय. ज्याची पाळी त्याच्या घरी बैठक असा आमचा पहिला नियम होता आणि तो चुकीचा होता. एक तर ज्याच्या घरी बैठक त्या घरच्या बाईचा (बाईचाच) पूर्ण वेळ स्वयंपाकघरात जायचा. पहिल्या वर्षी चहा-बिस्किट होतं, दुसऱ्या वर्षी बटाटेवडे आले, मग कुणी श्रीखंड-पुरी केली, मग पुढचीला त्याहून काहीतरी करणं आलं. जिनं पुस्तक निवडलं तीच ओट्यापाशी उभी आणि आतून ओरडून विचारतेय "काय म्हणालात?" हे मी स्वतः केलेलं आहे. दुसरं असं की आमच्यातली एक जण भाड्याच्या एका खोलीत राहायची, सासरे अंथरुणाला खिळलेले, तिची पाळी जवळ आली की ती आजारी पडायची. आम्हाला ते समजायला दोन वर्षं लागली आणि मला त्याची अजून लाज वाटते. आता पाळी वेगळी आणि घर वेगळं. घर कुणाचंही, ज्याला त्या महिन्यात सोयीचं त्याचं, कधी देवळाच्या ओवरीत बसतो कधी एखाद्या शाळेच्या वर्गात. घरवाल्यानं फक्त चहा करायचा. खाणं एकच, कोरडं, आणि ते पाहुण्यांपैकी कुणीतरी आणायचं. आमच्याकडे ते भडंग असतं, तुमच्याकडे चिवडा असेल.

बैठकीत काय करायचं? "आवडलं का?" हा प्रश्न विचारू नका. त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं आणि ज्यानं पुस्तक निवडलं त्याच्यासमोर नाही म्हणायला माणूस कचरतो. आम्ही प्रत्येकाला एक पान आणायला सांगतो. पानाचा नंबर सांगायचा, सगळ्यांनी आपापलं पुस्तक उघडायचं, तो दोन मिनिटं वाचणार आणि मग हेच का ते सांगणार. सात माणसं, प्रत्येकी पंधरा मिनिटं, पावणेदोन तास होतात. बोलता न येणाऱ्यालाही वाचता येतं. मघाशी सांगितलं ना, तुम्ही चांगलं बोलता म्हणून येणं सोडलेला, त्यानं सुरुवातीची दोन वर्षं फक्त पान वाचलं, एक शब्द जास्त नाही, पण त्याची पानं इतकी अचूक असायची की आम्ही वाट बघायचो. तो आता बोलतो. आणि नसता बोलला तरी चाललं असतं.

पानाचा नियम आणखी एका ठिकाणी आम्हाला वाचवून गेला, तो प्रसंग सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. २००९ मध्ये आम्ही दया पवारांचं 'बलुतं' हे आत्मकथन घेतलं. आमच्यातला एक जण दलित वस्तीत वाढलेला, कॉलेजात शिकवतो, आमचा जवळचा मित्र. बाकी आम्ही सगळे ज्या घरांतून आलो ती घरं तुम्ही ओळखली असतील. एकेकानं वाचलं, किती भोगलं, किती सोसलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि प्रत्येक जण बोलून झालं की त्याच्याकडं बघायचा. चौथ्या माणसानंतर तो म्हणाला, "तुम्ही हळहळता आणि मग माझ्याकडं बघता. मी काय सही करून देऊ?" सगळे गप्प. मला वाटलं गट आज संपला. मग त्यानंच स्वतःचं पान उघडलं. आम्ही सगळ्यांनी दुःखाची पानं आणली होती, त्यानं आणलं होतं ते पान जिथं लेखक दगडूशी बोलतो. पुस्तकभर दगडू मारुती पवार आणि दया पवार हे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसलेले आहेत, एक सांगतो एक ऐकतो, आणि आमच्या मित्राला बोलायचं होतं ते हे की लेखकानं स्वतःचे असे दोन तुकडे का केले, शिकून शहरात नोकरी करणाऱ्या माणसाला आपलीच गोष्ट सांगायला दुसरा माणूस का लागतो. ते पुस्तक म्हणून कसं बांधलंय हे बोलायला तो तयारी करून आला होता आणि आम्ही त्याला साक्षीदार करून बसवलं होतं. त्या दिवशी साडेआठपर्यंत बसलो. तेव्हापासून आमच्याकडे कुणाकडंही "तुझ्या अनुभवातून सांग" म्हणून बघायचं नाही, मग ते जातीचं पुस्तक असो, विधवेचं असो की आजारपणाचं. त्यानं स्वतःहून सांगितलं तर ऐकायचं.

भांडणं होणारच. 'युगान्त'मधल्या 'पिता-पुत्र?' या लेखात विदुर हा धर्मराजाचा बाप असेल का अशी शंका घेतली आहे, त्यावरून आमचे एक वयस्कर काका इतके चिडले की पुस्तक टेबलावर ठेवून निघून गेले. मी चूक केली, म्हटलं राग शांत होऊ दे, आणि दोन महिने फोनसुद्धा केला नाही. तिकडं काका रोज वाट बघत होते आणि आता कुठल्या तोंडानं जाऊ म्हणत होते. शेवटी पोस्टमास्तर पुढच्या महिन्याचं पुस्तक घेऊन त्यांच्या घरी गेले, वादाचा विषय काढला नाही, "काका तुमची प्रत" म्हणून ठेवून आले. काका शनिवारी हजर. रागावलेल्याकडं दुसऱ्याच दिवशी जायचं, आणि जाताना हातात पुढचं पुस्तक न्यायचं.

काकांची नजर नंतर अधू झाली. त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं, पुस्तक न्यायचे आणि तसंच परत आणायचे, आधी बोलणाऱ्यांत बसायचे आणि दर वेळी पहिल्या पानावर थांबलो म्हणायचे. तिसऱ्या वेळी सूनबाईंच्या लक्षात आलं. मग आम्ही वाटून घेतलं, रोज एक जण फोन करून त्यांना अर्धा तास वाचून दाखवतो, ज्याला वेळ नसेल तो व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतो, काही पुस्तकं स्टोरीटेल या ऐकायच्या पुस्तकांच्या ॲपवर मिळाली. ऐकून वाचणं म्हणजे कमी वाचणं असं कुणाला वाटत असेल तर उमा कुलकर्णींचं उदाहरण बघा, त्यांचे यजमान विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचून टेप करायचे आणि ते ऐकून उमाताईंनी भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. काकांना ऐकवायच्या निमित्तानं आम्हा बाकीच्यांचंही वाचून होऊ लागलं, हे आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही झूमवर भेटलो. फुकटच्या झूमला चाळीस मिनिटांत बंद पडायची सवय, तेव्हा एका वेळी तीनच पानं घ्यायची असं ठरवलं. त्यावर जास्त लिहीत नाही, एवढंच की कुणी गाव सोडून गेलं तर त्यांना फोनवर घेता येतं. आमची एक मैत्रीण बंगळूरला गेलीय, भडंगाच्या डब्याला टेकून फोन ठेवतो, ती त्यात असते.

आता वही. तुम्ही बाकी काही नाही केलंत तरी ही करा. आमची दोनशे पानी साधी वही, आता तिसरी चालू आहे. तारीख, पुस्तक, कुणी निवडलं, कोण कोण आलं, प्रत्येकानं कुठलं पान आणलं, आणि प्रत्येकाचं एक वाक्य. लिहिणारा दर वेळी वेगळा म्हणून अक्षरं वेगळी. जानेवारीत आम्ही नवीन पुस्तक घेत नाही, दहा वर्षांपूर्वीचं एक परत वाचतो आणि वही उघडून तेव्हा कोण काय म्हणालं होतं ते वाचतो. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यांच्या यजमानांबद्दल माझं वाक्य लिहिलेलं आहे "टिळकांचा फार राग आला." दहा वर्षांनी मी जे पान आणलं ते लक्ष्मीबाईंच्या हसण्याचं होतं, त्या इतक्या भोगातून हसतात कशा हे मला पहिल्यांदा दिसलंच नव्हतं.

आणि वहीचा खरा उपयोग झाला ऑगस्ट २०१९ मध्ये. कृष्णेला महापूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली. आमचा कॉलेजात शिकवणारा मित्र नदीजवळच्या गावभागात तळमजल्यावर राहायचा. माणसं बाहेर निघाली पण पुस्तकं राहिली, आठवड्यानं दार उघडलं तर कपाटात चिखल आणि फुगून एकमेकांना चिकटलेली पुस्तकं, फावड्यानं काढावी लागली. सप्टेंबरला तो आला नाही, ऑक्टोबरला नाही, दिवाळी अंकांनाही नाही. मी घरी गेले तर म्हणाला, "तुमच्याकडं सगळ्यांकडं कपाटं आहेत, मी तिथं येऊन काय करू?" बघा, परत तेच. पुस्तक नाही म्हणून गटात येण्याचा संकोच, आणि तोही असा माणूस ज्यानं आम्हाला वाचायला शिकवलं.

आम्ही वह्या काढल्या. त्याच्या पाळीची पुस्तकं, आणि त्यानं आणलेल्या पानांची पुस्तकं, अशी यादी केली, एकशे बारा भरली. आपापल्या कपाटात जी होती ती काढली, उरलेली जुन्या बाजारात, वाचनालयं रद्दीत काढतात त्यात, ओळखीपाळखीत शोधली. शहाऐंशी मिळाली. प्रत्येक पुस्तकात तो ज्या पानावर बोलला होता तिथं कागदाची पट्टी घातली, वहीत नंबर होतेच. आवृत्ती वेगळी असल्यानं काही ठिकाणी पान शोधायला बसावं लागलं, त्यात दोन संध्याकाळी गेल्या. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी दोन रिक्षांतून नेऊन दिली. त्या दिवशीची बैठक त्याच्याच घरी झाली, भिंतींना अजून ओल होती, सतरंजीवर बसलो. आणि तो आधी बोलणाऱ्यांत बसला, कारण त्या महिन्याचं पुस्तक त्यानं परत वाचलेलं नव्हतं.

तर तुमच्या तिसऱ्या सुरुवातीबद्दल. पहिलं पुस्तक दीडशे पानांच्या आतलं घ्या. माझा सल्ला विचाराल तर विश्राम बेडेकरांचं 'रणांगण', १९३९ चं आहे, बोटीवर घडतं, हर्टाची आणि चक्रधरची गोष्ट सुरू केली की दोनदा वाचायला बसलं की संपते, आणि संपल्यावर सहा जणींची सहा मतं होतात. निवडण्याची पहिली पाळी त्या मैत्रिणीला द्या जी मागच्या वेळी सगळ्यात आधी यायची बंद झाली, तिला हवं असेल तर 'रणांगण' बाजूला ठेवा. तिला फोन करू नका, घरी जा. वही जाताना घेऊन जा, दोनशे पानी, आणि पहिल्या पानावर तारीख तिलाच लिहू द्या.